तीन शोभा आणि एक तितिक्षा

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या माळ्यावर साठतात तसे ते साठतात, आणि एक दिवस भलतंच काही शोधायला वर चढलं की सगळे खडखडत अंगावर येतात. परवा नातीच्या शाळेत कार्यक्रमाला गेले होते. बाईंनी "तितिक्षा, पुढे ये" म्हटलं आणि दोन मुली पुढे आल्या! शेजारची आई कंटाळून म्हणाली, "हल्ली फार कॉमन झालंय हो हे नाव." मला इतकं हसू आलं की नातीने डोळे वटारले.

कारण मी सोलापुरातली पहिली तितिक्षा पाहिलेली आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं. मी टेलिफोन एक्स्चेंजला ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. परगावी फोन करायचा तर लोक आधी आम्हाला नंबर सांगायचे, तासन् तास वाट बघायचे, आणि लाइन मिळाली की आम्ही वायरी खोचून दोघांना जोडून द्यायचो. आमच्या शिफ्टला दोन मंगल, एक पद्मा आणि तीन शोभा होत्या. शोभा एक, शोभा दोन, शोभा तीन. मी शोभा दोन.

* * *

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा आमचे सुपरवायझर हिरेमठ सर टेबलाशी होते. सर अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, ऑफिसात मराठी आणि रागावले की दोन्ही. त्यांनी तिची ऑर्डर वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे नाव आहे का हुद्दा?"

"नाव आहे, सर. तितिक्षा."

"घरी काय म्हणतात?"

"तितिक्षा."

"आणि घाईत?"

"घाईतही तितिक्षाच."

सरांनी आम्हा शोभांकडे बघितलं. मग फार प्रेमाने म्हणाले, "हे बघ, बोर्डावर वेळ नसतो. आपण तुला शोभा चार म्हणू. सोपं पडतंय की."

"नको सर," ती म्हणाली, "मी एकच आहे."

* * *

ऑपरेटरने फोनवर आपलं नाव सांगायचं नाही असा नियम होता. पण एखादं गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की सांगावंच लागे. मग आम्ही सांगायचो, "शोभा." मंगलही शोभाच सांगायची. पद्मा कोंडाही शोभाच सांगायची. तक्रार यायची, 'शोभा नावाची ऑपरेटर अत्यंत उद्धट आहे.' सर विचारायचे, "कुठली शोभा?" आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचो आणि तक्रार फायलीत जायची. इतकी वर्षं झाली, एकाही शोभाला मेमो मिळाला नाही!

एकदा दुधनीच्या एका आडत व्यापाऱ्याचा मुंबईचा कॉल चार तास लागेना. बोर्डावर होती तितिक्षा. पलीकडून आवाज एवढा की मला शेजारच्या खुर्चीवर ऐकू येत होता.

"नाव सांग तुजं! कंप्लेंट लिवतो!"

"तितिक्षा."

"काय?"

"तितिक्षा."

"नीट सांग की, लिवून घ्यालोय!"

आणि या बाईने सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर. आधी त, त्याला पहिली वेलांटी. पुन्हा त, पुन्हा पहिली वेलांटी. मग क्ष, त्याला काना. स्वतःविरुद्धच्या तक्रारीचं शुद्धलेखन तिने स्वतः तपासून दिलं.

आठवड्यात मेमो आला. सर कपाळाला हात लावून बसले. "शोभा म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मग मेमो शोभाला गेला असता, सर."

"अगं, शोभाला कधीच जात नाही, तेच तर सांगालोय मी!"

तो मेमो तिने जपून ठेवला. टायपिस्टने नाव अचूक टाइप केलं होतं म्हणून.

* * *

हे नाव आलं कुठून, यावर आमच्याकडे महिनाभर चर्चा चालली. पद्मा साखरपेठेतली, तिच्या घरी माग. ती म्हणाली, "तेलुगूच आहे. आमच्यात अशी लांब नावं असतात." हिरेमठ सर म्हणाले, "छे! अस्सल कन्नड. नादच सांगतोय की." आमचे लाइनमन रसूलभाई जिन्यात चहा पीत उभे होते. ते म्हणाले, "नै मॅडम, फारसी है. कित्ता नाजूक है, देखो ना."

तिघांचंही तिने शांतपणे ऐकून घेतलं. आपापल्या भाषेची पोरगी म्हणून तिघंही तिला जरा झुकतं माप द्यायला लागले. सर तिला खिडकीजवळची खुर्ची देत, पद्मा डब्यातली चटणी देई.

मग एके दिवशी तिच्या हातून मोठ्या साहेबांचा चालू कॉल तुटला. साहेब मुंबईला बदलीसंबंधी बोलत होते! सर केबिनमधून लाल होऊन बाहेर आले आणि आधी आमच्याकडे बघून म्हणाले, "हे कन्नड नाव नव्हेच."

पद्मा म्हणाली, "आमचं पण नाही."

रसूलभाई त्या दिवशी लाइनवर होते, म्हणून फारसीचा दावा तेवढा कायम राहिला.

* * *

एक दुपार. मोडनिंबच्या पोस्टातून कॉल आला. बाईमाणूस, फोन बहुधा आयुष्यात पहिल्यांदा धरलेला.

"सुमनला द्या जरा."

"इथे सुमन कुणी नाही, बाई."

"आगं, तुमच्याच हितं हाय की! वायरी खोचती न्हवं ती? मी तिची आत्या हाय."

मी सहाही जणींना विचारलं. शेवटी तितिक्षाने खालच्या मानेने हात वर केला. "मीच सुमन. पण फक्त मोडनिंबात."

झालं होतं असं, की बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. वडिलांनी आत्याकडून नाव आठ दिवस पाठ करून घेतलं. पाळण्याशी वाकल्यावर आत्याच्या जिभेला गाठ पडली आणि तिने बाळाच्या कानात सरळ 'सुमन' सांगून टाकलं. वर भावाला ऐकवलं, "नाव तू ठिवलंस, पर कान माज्या तोंडाशी हुता की!"

तेव्हापासून सोलापूरची तितिक्षा ही मोडनिंबच्या स्टँडवर उतरली की सुमन व्हायची. "आणि तुला ते चालतं?" मी विचारलं.

"आत्याला येतच नाही, मग काय करणार? येत असून बदललं तर मात्र चालणार नाही."

* * *

तिचे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे उचलून एकेक शब्द जुळवायचे काम. एकदा ते तिचा विसरलेला डबा घेऊन आले, तेव्हा मी गाठलंच त्यांना. सडपातळ माणूस, बोटांची टोकं काळी, बोलणं अगदी हळू.

"वेदान्तावरचं कसलंसं पुस्तक होतं," ते म्हणाले. "पानंच्या पानं जुळवत होतो, कळत काही नव्हतं. हा शब्द जुळवला आणि हात थांबला. दोन वेलांट्या शेजारी शेजारी, आणि शेवटी क्षा! इतका सुंदर शब्द, म्हटलं, पुस्तकात कोण वाचणार? घरी मुलगी झाली होती."

"आणि अर्थ?"

"मालकांना विचारणार होतो. पण तेवढ्यात प्रूफं आली."

वीस वर्षं झाली, प्रूफं काही संपली नव्हती.

* * *

मी म्हटलं, आपण बघू शब्दकोशात. तितिक्षा उसळलीच. "कुणीही बघायचं नाही! नावाला अर्थ असला की तो निभवावा लागतो. माझं नुसतं नाव आहे. मला तेवढं पुरतं."

आता इथे माझंही एक सांगून टाकते. शोभा हे माझं लग्नातलं नाव. माहेरची मी वत्सला. सासरच्या एका मामींना वत्सला जुनाट वाटलं, म्हणून ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने 'शोभा' लिहिलं, पेढे वाटले, झालं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. अजून रस्त्यात कुणी "वत्सला!" अशी हाक मारली की मी वळते, आणि हाक दुसऱ्याच कुणाला असते. त्यामुळे या मुलीचा मला हेवा वाटायचा.

हेव्यापोटी म्हणा, खोडीपोटी म्हणा, मी गुपचूप लायब्ररीत जाऊन कोश उघडला. तितिक्षा म्हणजे सहनशीलता. ऊन-थंडी, सुख-दुःख, सगळं तक्रार न करता सोसणं!

मी एवढ्या मोठ्याने हसले की लायब्ररियनने टेबलावर पट्टी आपटली. त्याच आठवड्यात या सहनशील मुलीने पाणचट चहाचे सहाच्या सहा कप कँटीनला परत पाठवले होते आणि सोबत कळवलं होतं, "चहा असेल तर पाठवा."

मी कोश मिटला आणि कुणाला काही बोलले नाही. त्या वेळी.

* * *

वर्षभराने दुधनीच्या त्या आडत व्यापाऱ्याचा पुन्हा फोन. "त्या कंप्लेंटवालीला द्या."

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तितिक्षाने हेडफोन नीट केला आणि "बोला" म्हणाली.

"नात झाली आमाला. तुजं नाव ठिवलंय."

कंप्लेंट लिहिताना म्हाताऱ्याने कागदावर ते नाव पाचदा गिरवलं होतं. तो कागद सुनेच्या हाती लागला, सुनेला नाव आवडलं. सून म्हणाली, मुलगी झाली तर हेच.

तितिक्षाने हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला. डोळे भरून आले होते तिचे. पलीकडून म्हातारा विचारत होता, "आता तरी मुंबई लवकर लावशील का न्हाय?"

हिरेमठ सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपून ठेवलं, 'जिल्ह्यात एकूण तितिक्षा: दोन.'

* * *

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा वसंत, पंढरपूरचा, तिथल्या हायस्कूलात मास्तर. घरचा लॉज. मुलगा तिला आवडला होता. रविवारी तो सोलापूरला आला की सोमवारी तिच्याकडून एकही कॉल तुटत नसे.

अडचण एकच. त्या घरात सुनांची नावं विठोबाच्या राण्यांवरून आधीच ठरलेली. थोरली सून आली तशी तिचं रुक्मिणी केलं. दुसरीचं राही. आता तिसरी येणार, ती सत्यभामा. वसंतच्या आईला सगळे आक्का म्हणत, आणि आक्का म्हणतील तसं.

हिरेमठ सर म्हणाले, "सत्यभामा? पारिजातकासाठी रुसून बसलेली? ती तर खुद्द कृष्णाला आवरली नाही! या बाईनं पुराण ऐकलंय का नाही?"

तितिक्षाने वसंतला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'मला दोन्ही नावे पसंत आहेत.' असा हा मुलगा!

तिने वडिलांना सांगून टाकलं, "नाव राहिलं तर लग्न. नाहीतर नाही." दुसऱ्या दिवशी तिचे वडील मला भेटायला एक्स्चेंजच्या दारात उभे. "शोभाबाई, तुम्ही समजवा तिला. मुलगा चांगला आहे. तीही रात्रंदिवस त्याचंच बोलते. माझ्या एका शब्दापायी तिचं लग्न मोडायला नको."

म्हणजे एकीकडे आवडलेला माणूस, दुसरीकडे आवडलेलं नाव. आणि दोन्हींतलं एक आक्कांच्या हातात.

* * *

आम्ही तिला आहेर म्हणून स्टीलचं मोठं पिंप घेतलं. भांड्यांच्या दुकानात नावं कोरणारे एक आजोबा बसायचे. त्यांनी विचारलं, "नाव काय घालू?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो.

"माहेरचं घालू का सासरचं?" आजोबांना सवय होती. "लवकर ठरवा. एका घरात मी बघितलंय, निम्म्या भांड्यांवर एक नाव, निम्म्यावर दुसरं. भांडी घासणारी बाई मालकाला विचारायली, तुम्हाला बायका किती?"

माझ्या घरीही तसंच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, पिंपावर नाव कुठलं घालायचं ते विचारायला, पंढरपूरला लॉजवर कॉल लावला. एक्स्चेंजची नोकरी, तेवढा तरी हक्क!

आक्का फोनवर ओरडून बोलत. पंढरपूरहून सोलापूरला आवाज स्वतःच पोचवायचा आहे, असा त्यांचा समज असावा.

"सत्यभामाच घाला!"

"आक्का, पण तिचं नाव छान आहे हो. वेगळं आहे."

"छान असंल! पर अर्थ काय त्याचा? ज्याला अर्थ न्हाय त्ये नाव घरात कशाला आनायचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "अर्थ आहे की! सहनशीलता. कितीही त्रास झाला तरी तक्रार न करता सोसणं."

मला वाटलं लाइन गेली.

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"तोंडातनं काय बी काडायचं न्हाय?"

"काही नाही."

"आगं बाई! मग ऱ्हाऊ द्या की त्येच!"

मी धावत बोर्डाकडे गेले. "आक्का कबूल झाल्या! तितिक्षाच राहणार!" तिने हेडफोनसकट मला मिठी मारली आणि कुणाचा तरी हैदराबादचा कॉल तुटला. "कशा कबूल झाल्या?" तिने विचारलं. मी म्हटलं, "समजावलं." खरं ते सांगायला हवं होतं. ती इतकी आनंदात होती की माझा धीर झाला नाही.

* * *

लग्नाला आम्ही झाडून सगळे एसटीने पंढरपूरला. हिरेमठ सर कोट घालून, पद्मा नवी इरकल नेसून, रसूलभाई अत्तर लावून. लग्न लॉजच्या गच्चीवर झालं. मुलगी इतकी खूश होती की आत्याने "सुमे" म्हणून हाक मारली तरी हसून "ओ" म्हणाली.

संध्याकाळी खालच्या मोठ्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या. पाट मांडले, ताटात तांदूळ पसरले, वसंतच्या हातात सोन्याची अंगठी दिली. तितिक्षा शेजारी, हातभर हिरवा चुडा. तिचे वडील दाराशी उभे होते. थोरली रुक्मिणी पेढ्यांची परात धरून उभी, राही समईत तेल घालत होती. दोघींचा आवाज मी सकाळपासून ऐकला नव्हता.

वसंतने तांदळात अंगठीने लिहायला सुरुवात केली.

"थांब रं," आक्का म्हणाल्या. मग सगळ्या बायकांना उद्देशून मोठ्याने, "कुनी इचारंल, ह्या सुनंचं नाव का न्हाय बदललं? तर ऐका. ह्या नावाचा अर्थच मुळी सोसनं! किती बी तरास होऊ दे, तोंडातनं चकार शबुद काडायचा न्हाय! ह्या शोभाबाईंनी सांगितलं मला फोनवर. म्हनलं, आसं नाव कुटं मिळतंय?"

बायका "अगं बाई, छान!" म्हणाल्या. कुणीतरी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

तितिक्षाने आधी वडिलांकडे बघितलं. ते उंबऱ्याकडे बघत होते, त्यांनाही हे आजच कळत होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला कुठे बघावं कळेना.

वसंतचा 'ति' लिहून झाला होता. वेलांटी बरी आली होती.

तिने हात पुढे केला, चुडा वाजला, आणि तळव्याने ताटातले सगळे तांदूळ सारखे केले.

"सत्यभामा लिहा," ती म्हणाली. "मोठं लिहा."